जर्मनीहून परत आल्यावर पुण्यात 'तिथलं' काय काय सापडतं?

मेघवाट | ५ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी,

नऊ वर्षं श्टुटगार्टला राहून आम्ही जूनमध्ये कायमचे पुण्यात परतलो. बावधनला राहतो. यायचा निर्णय आमचा होता आणि तो बरोबरच होता. सासूबाईंना आता एकटं ठेवणं शक्य नव्हतं. पण लेकीचा जन्म तिकडचा, आता आठ वर्षांची आहे. वरणभात, पोळीभाजी सगळं आवडीने खाते. तरी संध्याकाळचे सात वाजले की विचारते, "आई, आज आबेंडब्रोट नाही का?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जर्मनीत पुष्कळ घरांत दुपारी गरम जेवतात आणि रात्री गॅस पेटवत नाहीत. टेबलावर ब्रोट म्हणजे तिकडचा जड, आंबूस, काळसर पाव, लोणी, दोनतीन प्रकारचं चीज, काकडीचं लोणचं, मुळ्याच्या चकत्या. प्रत्येकापुढे ताटाऐवजी एक छोटी लाकडी फळी. लेकीच्या फळीवर तिचं नाव डागून लिहिलेलं आहे. ती फळी सामानातून आली, त्यावर ठेवायचा पाव मात्र इथे मिळत नाही. ब्राउन ब्रेड म्हणून जो मिळतो तो दाबला की स्पंजासारखा बसतो. तिने एक घास खाल्ला आणि फळी धुऊन कपाटात ठेवून दिली.

दुसरं म्हणजे ११ नोव्हेंबरला तिकडे सांक्ट मार्टिन असतो. अंधार पडल्यावर मुलं हातात कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत फिरतात. "इथे कोण येईल माझ्याबरोबर?" असं ती विचारते.

पुण्यात इतक्या जर्मन कंपन्या आहेत, इतकी माणसं तिकडून परतली आहेत. तुम्ही काय केलंत? दुकानांची यादी नको, अनुभव हवेत.

---

सायली_कोथरूड | ५ ऑक्टोबर

तुमची फळी वाचून गलबलले. आमच्याकडेही अशा दोन आहेत. आता त्यांवर मी कोथिंबीर चिरते.

---

निखिल७७ | ५ ऑक्टोबर

कोरेगाव पार्कातली जर्मन बेकरी आहे की.

---

खमंग | ५ ऑक्टोबर

@निखिल७७, त्या जागेशी आम्हा पुणेकरांचं नातं वेगळं आहे. १३ फेब्रुवारी २०१० ची, तिथल्या बॉम्बस्फोटाची संध्याकाळ कोणी विसरलेलं नाही, आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम चहा प्यायला गेलो होतो. पण मेघवाटताईंना हवा असलेला पाव वेगळा. 'जर्मन बेकरी' हे नाव गोव्यापासून हिमालयापर्यंत परदेशी प्रवाशांच्या वाटांवर सगळीकडे दिसतं. तिथे केक, कुकी, सँडविच छान मिळतं. राय नावाच्या धान्याचा आंबवलेला पाव हे अगदी निराळं काम आहे.

जर्मनीत पावाच्या ३,००० हून जास्त प्रकारांची नोंद आहे आणि २०१४ मध्ये ही पाव-संस्कृती तिथल्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतली गेली. इतक्या अभिमानाची गोष्ट आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळणार नाही. घरी मात्र नक्की होते. मी गेली सहा वर्षं करतोय. सवडीने लिहितो.

---

दत्ता_सातारा | ५ ऑक्टोबर

स्पष्ट लिहितो, राग नसावा. तिकडे असताना आपली माणसं मिसळ आणि कढीपत्ता शोधत फिरतात, आणि इकडे आल्यावर पाव शोधतात. मूल आठ वर्षांचं आहे, सहा महिन्यांत रुळेल. ज्वारीची भाकरी द्या. तीही जड आणि खमंग असते.

---

मेघवाट | ५ ऑक्टोबर

दत्तादादा, राग अजिबात नाही. भाकरी ती खाते, कांदा फोडून खाते. पण मी तिकडे कढीपत्ता शोधायचे तेव्हा मला कोणी "सहा महिन्यांत रुळशील" म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं. माझं बालपण पुण्यात गेलं, तिचं श्टुटगार्टात. ती तिच्या घरचा पाव मागते आहे.

---

दत्ता_सातारा | ५ ऑक्टोबर

हे पटलं. मागे घेतो.

---

बरणीवाली | ६ ऑक्टोबर

मी म्युनिकला चार वर्षं होते, आता सांगलीत आहे. सावरक्राउट हा सगळ्यात सोपा पदार्थ आहे, त्यापासून सुरुवात करा. एक किलो कोबी आणि वीस ग्रॅम मीठ, बस. कोबी विळीवर अगदी बारीक चिरायचा, मीठ लावून दहा मिनिटं दोन्ही हातांनी चुरायचा. इतकं पाणी सुटतं की परातीच्या तळाशी साठतं. मग लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत मुठीने दाबून भरायचा, वर कोबीचं अख्खं पान आणि त्यावर उकळून घेतलेला गुळगुळीत दगड. कोबी पाण्याखालीच राहायला हवा. झाकण घट्ट लावू नका, आतला वायू बाहेर पडला पाहिजे.

तिकडे थंड तळघरात त्याला काही आठवडे लागतात, आपल्या हवेत पाचसहा दिवसांत आंबतो. चव आली की लगेच फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर लिबलिबीत होतो. मी दडपायला आजीचा पाटा-वरवंट्यातला वरवंटा वापरते.

---

अनघा_बर्लिन | ६ ऑक्टोबर

@बरणीवाली, त्यात क्युमेल घालता का? मी इकडे आले तेव्हा पहिल्या आठवड्यात दुकानातून जिरं समजून क्युमेलच आणलं होतं. दिसायला डिट्टो. आमटीला फोडणी दिली आणि नवरा म्हणाला, "आमटीला पावाचा वास कसा येतोय?" आपलं जिरं म्हणजे क्रॉइत्झक्युमेल, हे शेजारच्या आजींनी डबा उघडून वास देत शिकवलं.

---

बरणीवाली | ६ ऑक्टोबर

घालते तर. शहाजिरं घाला, तेच ते.

---

वनस्पतीवेडा | ६ ऑक्टोबर

तेच नाही, भाऊबंद म्हणा. क्युमेल ही वेगळी वनस्पती आहे. आपल्याकडे शहाजिरं म्हणून जे मिळतं ते बरेचदा तिच्या जवळच्या दुसऱ्या झाडाचं बी असतं, जास्त बारीक आणि काळपट. त्याला धुरकट वास असतो. क्युमेलचा वास मोकळा, थोडा बडीशेपेकडे झुकणारा. कोबीत चालून जाईल, पावात फरक कळतो.

---

अनघा_बर्लिन | ६ ऑक्टोबर

डिसेंबरात पुण्याला येते आहे. क्युमेल अर्धा किलो आणते. कोणाला हवं ते हात वर करा.

---

सायली_कोथरूड | ६ ऑक्टोबर

हात वर. दोन्ही.

---

खमंग | ६ ऑक्टोबर

कबूल केल्याप्रमाणे पावाबद्दल. जरा लांबेल.

आधी पीठ. वाण्याकडे 'राय'चं पीठ मागितलं तर तो प्रेमाने मोहरी काढून देतो, कारण आपल्याकडे राई म्हणजे मोहरी. हे धान्य आपल्या बाजारात नसतंच, पीठ ऑनलाइन मागवावं लागतं. महाग पडतं, पण आठवड्याला एका पावाला तीनशे ग्रॅम पुरतं.

मग आंबवण. एका काचेच्या बाटलीत पन्नास ग्रॅम रायचं पीठ, पन्नास ग्रॅम पाणी. रोज त्यातलं थोडं ठेवून बाकीचं काढायचं आणि नवं पीठपाणी घालायचं. आपल्या उबेत पाचव्या-सहाव्या दिवशी ते दुप्पट फुगायला लागतं आणि त्याला पिकल्या सफरचंदाचा, किंचित ताकाचा वास येतो. तो वास आला की समजा जमलं. पुढे विरजणासारखंच, दर वेळी थोडं मागे ठेवायचं. माझं सहा वर्षांपूर्वीचं अजून चालू आहे.

नुसत्या यीस्टवर का नाही, असं बरेच जण विचारतात. रायच्या पिठात गव्हासारखी लवचीक जाळी धरत नाही आणि भाजताना त्यातलीच विकरं पिष्टमय भाग तोडत राहतात. आंबटपणा आला की ती विकरं मंदावतात आणि पाव उभा राहतो. नाहीतर आतून चिकट लगदा होतो. म्हणजे त्या पावाचा आंबटपणा हा नुसता चवीचा भाग नाही, त्याच्याशिवाय पाव होतच नाही.

तीनशे ग्रॅम राय, दोनशे ग्रॅम गव्हाचं पीठ, दहा ग्रॅम मीठ, दीडशे ग्रॅम आंबवण, पाणी अंदाजे साडेतीनशे. हे मळायचं नाही, ओल्या मातीसारखं चमच्याने कालवायचं, डब्यात ओतायचं, फुगलं की चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये तासभर. आणि सगळ्यात अवघड पायरी शेवटी: एक दिवस कापायचा नाही. फडक्यात गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी सुरी लावलीत की कवच करकर वाजतं.

---

मेघवाट | ६ ऑक्टोबर

खमंगदादा, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं आहे. आंबवण उद्याच लावते.

---

बोटक्लबवाला | ७ ऑक्टोबर

भाषेचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोट क्लब रोडवर मॅक्स म्युलर भवन हे जर्मन भाषा-संस्कृतीचं केंद्र आहे, तिथल्या ग्रंथालयात लेकीला घेऊन जा. एका भाषेत वाढलेलं मूल ती भाषा बोलायला कोणी नसेल तर फार पटकन विसरतं. माझ्या मुलाचं दोन वर्षांत गेलं. मी नोकरीच्या गडबडीत होतो, लक्ष दिलं नाही, आणि आता तो अकरावीला जर्मन पहिल्यापासून शिकतोय. ते मला अजून लागतं. तुम्ही ते होऊ देऊ नका.

पुण्याला जर्मनची जुनी सवय आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकल्या. इरावती कर्वे १९२८ च्या सुमारास बर्लिनला डॉक्टरेट करायला गेल्या होत्या. ज्यांच्या नावाने भवन आहे ते संस्कृतचे पंडित मॅक्स म्युलर जर्मनीतल्या देसाऊचे, आयुष्य ऑक्सफर्डला गेलं, भारतात कधीच आले नाहीत. पण टिळक तुरुंगात होते तेव्हा त्यांनी आपण संपादित केलेला ऋग्वेद टिळकांना पाठवला आणि त्यांच्या सुटकेच्या अर्जावर सही केली. १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. पुण्यात त्या नावाची इमारत असावी हे मला फार योग्य वाटतं.

---

कौलारू | ७ ऑक्टोबर

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमचं घर मालवणजवळ. लहानपणी पावसाआधी कौलं परतायला माणसं यायची, तेव्हा अंगणात उतरवलेल्या कौलांच्या पाठीवरची इंग्रजी अक्षरं आम्ही बोटाने गिरवायचो. 'बाझेल मिशन'. पुढे कळलं की बाझेलच्या मिशनचे बरेच लोक दक्षिण जर्मनीतले, आणि मंगलोरला नेत्रावतीच्या काठी १८६५ मध्ये गेओर्ग प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना काढला. ज्याला आपण मंगलोरी कौल म्हणतो ते तिथून आलं. मी नंतर कामानिमित्त श्टुटगार्टला गेलो, तिथल्या जुन्या गावांतली लाल छपरं बघितली आणि आजोळी आल्यासारखं वाटलं.

---

गडवाट | ७ ऑक्टोबर

@कौलारू, सुंदर. अजून एक भर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी भारतातल्या जर्मनांना स्थानबद्ध केलं. नगरला, देवळालीला छावण्या होत्या आणि पुरंदरवर कुटुंबंसुद्धा ठेवली होती. हिटलरच्या छळातून पळून आलेले ज्यूही त्यातून सुटले नाहीत. पुरंदरवर गेलात तर जुने बंगले बघताना एवढं लक्षात ठेवा.

---

सायली_कोथरूड | ७ ऑक्टोबर

धागा गडावर चढला. खाली या, मला भूक लागली आहे.

---

सोऱ्या | ८ ऑक्टोबर

आलो खाली. मेघवाटताई, तुम्ही श्टुटगार्टच्या आणि श्पेट्झलचं नाव नाही? आमच्याकडे रविवारी हाच बेत असतो. चारशे ग्रॅम मैदा, चार अंडी, मीठ, दीडशे मिली पाणी. लाकडी चमच्याने बुडबुडे येईपर्यंत फेटायचं. पीठ चमच्यावरून जाडसर पट्टीसारखं सुटलं पाहिजे. तिकडे त्यासाठी वेगळं दाबयंत्र मिळतं. मी चकलीचा सोऱ्या घेतो, त्यात जाड शेवेची ताटली घालतो आणि उकळत्या पाण्यावर धरून थेट दाबतो. वर तरंगली की झाऱ्याने काढायची. थर लावायचा: शेवया, किसलेलं चीज, शेवया, चीज. वरून बिर्याणीला करतो तसा कुरकुरीत तळलेला कांदा.

आई आधी "मैद्याच्या शेवया पाण्यात?" म्हणाली होती. आता सोऱ्या तीच धरते.

---

मेघवाट | ८ ऑक्टोबर

सोऱ्या! हे मला सुचलंच नाही. श्पेट्झलचं यंत्र वजनामुळे तिकडेच देऊन आले आणि तेव्हापासून हळहळते आहे.

---

टेक्सासकर | ८ ऑक्टोबर

मी आधी फ्रांकफुर्टला, आता सॅन अँटोनियोला. इथून जवळ न्यू ब्राउनफेल्स आणि फ्रेडरिक्सबर्ग ही गावं १८४५-४६ मध्ये जर्मनांनी वसवली. आम्ही फ्रांकफुर्ट आठवलं की तिकडे जातो. बेकऱ्या आहेत, सॉसेज आहे, नोव्हेंबरात न्यू ब्राउनफेल्सला मोठी जत्रा भरते. एकदा तिथे एका ऐंशीच्या पुढच्या आजोबांशी मी जर्मनमध्ये बोललो. त्यांचं जर्मन वेगळंच, जुनं, मध्येच इंग्रजी शब्द. ते म्हणाले, भावाशी बोलायचो, तो गेल्यापासून कोणी नाही. माझा हात धरून अर्धा तास बोलत बसले. @बोटक्लबवाला म्हणतात ते अगदी खरं आहे.

---

जिनेउतार | ९ ऑक्टोबर

खाण्यापलीकडचं एक सांगतो. श्टुटगार्टकडे 'केअरवोखं' असते, मेघवाटताईंना माहीत असेलच. इमारतीतल्या प्रत्येक घराकडे आळीपाळीने एक आठवडा जिना झाडायची जबाबदारी. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते, रविवारी ती पाटी शेजारच्या दारावर जाते. परत आल्यावर मी आमच्या मजल्यावरच्या चार घरांना विचारलं. झाडणाऱ्या मावशींचं काम तसंच ठेवून, जिन्यातल्या कुंड्या, दिवे आणि चपलांचे कप्पे यांची पाळी लावली. माझ्या मुलीने पाटी रंगवली. तीन वर्षं झाली. आता पाटी उशिरा सरकली तर समोरच्या काकू बेल वाजवतात.

---

मेघवाट | ९ ऑक्टोबर

आमच्या घरमालकीणबाई पायपुसणं उचलून खाली बघायच्या! त्यांची आठवण आली. आज फोन करते.

---

केकवाली_डोंबिवली | १० ऑक्टोबर

दसरा तोंडावर आहे, बाजारात चक्का आला आहे, म्हणून लगेच लिहिते. चक्का म्हणजे तिकडचं मऊ ताजं चीज, क्वार्कच. अर्धा किलो चक्का, शंभर ग्रॅम लोणी, दीडशे ग्रॅम साखर, तीन अंडी, चाळीस ग्रॅम व्हॅनिला कस्टर्ड पावडर, लिंबाची किसलेली साल. खाली बिस्किटाच्या पिठाचा थर. १७० अंशांवर तासभर भाजून ओव्हनचं दार किलकिलं ठेवून आतच गार करायचा. केझेकुखन तयार.

---

अनघा_बर्लिन | १० ऑक्टोबर

क्वार्कच नाही हं. क्वार्क कमी तापमानाला, बरेचदा रेनेटचा थेंब घालून लावतात, त्यामुळे सौम्य असतो. बाजारचा चक्का आंबट लागतो. घरचं गोड दही लागल्या लागल्या फ्रिजमध्येच टांगा, मग जमेल.

---

केकवाली_डोंबिवली | १० ऑक्टोबर

मान्य, घरचा टांगलेला जास्त चांगला. पण बाजारचा घेऊन दोन चमचे साय फेटून घातली तरी काम होतं. माझ्या जर्मन जावयाने तीन तुकडे खाल्ले, मग अजून कोणाची परवानगी घेऊ?

---

पापडखार | ११ ऑक्टोबर

ब्रेत्झलचं, म्हणजे तिकडच्या गाठ मारलेल्या पावाचं विसरलात. त्याचा तो तपकिरी चकाकता रंग आणि खास चव क्षाराच्या पाण्यात बुडवल्याने येते. बेकऱ्यांत कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरतात, घरी ते नको. खायचा सोडा १२० अंशांवर तासभर भाजला की जास्त तीव्र होतो, तो पाण्यात घालायचा. मी एकदा घरातला पापडखार घालून पाहिला आणि रंग छान आला. आईला उडदाच्या पापडाचा वास आठवला. हातमोजे घाला, डोळ्यांजवळ उडू देऊ नका.

---

कौलारू | ११ ऑक्टोबर

आणि प्यायला कोकम सरबतात सोडा. तिकडे फळांच्या रसात सोडापाणी घालून 'शोर्ल' करतात, अगदी तसं लागतं.

---

निखिल७७ | ११ ऑक्टोबर

मोठ्यांसाठी: पुण्यातल्या बऱ्याच मायक्रोब्रुअरीत गव्हाची बिअर, हेफेवाइत्सन मिळते. तो पिकल्या केळ्याचा वास यीस्टमुळे येतो, केळं घालत नाहीत. माझी बायको अजून मानत नाही.

---

श्टुटगार्टप्रेमी | १३ ऑक्टोबर

आत्ता तिकडे कानश्टाटचा फोल्क्सफेस्ट संपत आला असेल. मेघवाटताई, लेकीला त्याची गोष्ट सांगा. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्या राखेने १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली, लोक उपाशी मेले. पुढे पीकपाणी सुधारल्यावर १८१८ मध्ये राजा विल्हेल्मने शेतकऱ्यांसाठी ही जत्रा सुरू केली. म्हणून तिथे मध्यभागी धान्याफळांनी सजवलेला उंच खांब असतो. आपण दसऱ्याला दाराला भाताच्या लोंब्या लावतो, ते दाखवून सांगितलंत तर तिला लगेच कळेल.

आणि मुंबई-श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं आहेत, हेही सांगा.

---

सायली_कोथरूड | २० ऑक्टोबर

मेघवाट, ११ नोव्हेंबरचं काय ठरलं? मूळ प्रश्न तोही होता. दिवाळी त्याआधीच होऊन जाते, पण आमच्याकडे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत आकाशकंदील काढत नाहीत. माझी दोन मुलं येतील. कंदील घरी करू, कामट्या आणि पतंगाचा कागद माझ्याकडे आहे.

---

जिनेउतार | २० ऑक्टोबर

आमची एक. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा छोटा दिवा लावू.

---

मेघवाट | १२ नोव्हेंबर

काल झालं. सविस्तर लिहिते, कारण तुम्हा सगळ्यांचं आहे.

एकूण अकरा मुलं जमली. सोसायटीतली काही नुसती बघायला आली होती, त्यांनी घरचे आकाशकंदील सोडवून आणले. लेकीने आधी सगळ्यांना गोष्ट सांगितली, मराठीत, मध्येच जर्मन शब्द घालत: थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला मार्टिनने आपला झगा तलवारीने कापून अर्धा दिला. एका मुलाने विचारलं, "अख्खा का नाही दिला?" ती म्हणाली, "मग मार्टिनला थंडी वाजली असती ना." वॉचमनकाकांनी मागच्या रस्त्यावरचे दिवे दहा मिनिटं बंद ठेवले. ती जर्मन गाणं म्हणत पुढे, बाकीच्यांना शब्द येत नव्हते म्हणून त्यांनी चाल धरली. सासूबाई खुर्ची टाकून खाली बसल्या होत्या.

पाव खमंगदादांच्या मापाने, हा चौथा. पहिला विटेसारखा झाला, दुसरा कच्चा, तिसरा बरा. परवा रात्री भाजला, फडक्यात ठेवला. काल घरी आल्यावर तिने स्वतः कपाटातून फळी काढली. पाव, लोणी, बरणीवालीताईंचा कोबी. सासूबाईंनी त्यावर लसणाची चटणी लावून खाल्ली आणि दुसरा तुकडा मागितला. लेकीनेही मग चटणी लावून पाहिली. तिला ती जास्त आवडली.

बोटक्लबवाला, शनिवारी ग्रंथालयात जातोय. तुमच्या मुलालाही आणता का? तिला बोलायला कोणी हवंय आणि त्याला सराव.

---

बोटक्लबवाला | १२ नोव्हेंबर

आणतो. त्याला आत्ताच विचारलं, हो म्हणाला.

---

दत्ता_सातारा | १२ नोव्हेंबर

ताई, पुढच्या महिन्यात पुण्याला येतोय. त्या आंबवणातलं थोडं मिळेल का? ज्वारीच्या पिठात घालून बघायचं आहे.

---

मेघवाट | १२ नोव्हेंबर

नक्की, दत्तादादा. रुंद तोंडाची काचेची बाटली आणा, आणि प्रवासात झाकण सैल ठेवा. फुगतं.